विज्ञान, अर्थशास्त्र, परभाषा : तिन्हींचा एकच अभ्यासक्रम शोधू नये

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

बारावीच्या निकालानंतर आपल्या दैनिकाने काढलेली करिअरविषयक पुरवणी हातात घेऊन आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ गेल्या रविवारी मुलीसह माझ्याकडे आले होते. मुलीला रसायनशास्त्रात चांगले गुण आहेत, अकरावी-बारावीला तिने दुसरी भाषा म्हणून जर्मन घेतले होते, आणि कांद्याचे भाव का चढतात यावरून ती रोज जेवताना वडिलांशी वाद घालते. पुरवणीत विज्ञानशाखेचे एक पान होते, वाणिज्य आणि अर्थशास्त्राचे दुसरे आणि परकीय भाषांचे तिसरे. तिने तिन्ही पानांवर पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. वडिलांचा प्रश्न सरळ होता : "ताई, या तिन्हींचा मिळून एकच कोर्स कुठे असेल तर सांगा, फी किती का असेना." मी गेली सव्वीस वर्षे जपानी आणि जर्मनमधील तांत्रिक मजकुराचा, मुख्यतः पेटंटांचा, इंग्रजीत अनुवाद करते आहे, म्हणून त्यांना माझी आठवण झाली. त्यांना जे सांगितले ते इतर पालकांच्याही उपयोगाचे असावे असे वाटून हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे. जागेअभावी कापावे लागले तर उदाहरणे ठेवावीत आणि माझी मते कापावीत, ही विनंती.

पहिली गोष्ट ही की असा एकच अभ्यासक्रम शोधत बसू नये. तिन्ही विषयांचे शिंतोडे अंगावर उडवणारे अभ्यासक्रम मिळतील, परंतु तिथून बाहेर पडणाऱ्याला प्रयोगशाळेतला माणूस आपला समजत नाही, बँकेतला समजत नाही आणि भाषेच्या वर्गातलाही समजत नाही. तिन्ही विषय एकाच माणसाने शिकावेत, पण ते एकामागून एक शिकावेत आणि त्यांचा क्रम नीट ठरवावा. क्रमाचे महत्त्व एका कायदेशीर तरतुदीवरूनच स्पष्ट होईल. पेटंट कार्यालयापुढे अर्जदाराच्या वतीने काम करण्यासाठी पेटंट एजंट म्हणून नोंदणी व्हावी लागते आणि त्यासाठी परीक्षा असते. १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम १२६ नुसार त्या परीक्षेस बसणाऱ्याकडे विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी असावीच लागते. जर्मनमध्ये बी.ए. आणि एम.ए. केलेली, म्युनिकमध्ये दोन वर्षे राहून आलेली, अस्खलित जर्मन बोलणारी मुलगी त्या परीक्षेला बसू शकत नाही, बी.एस्सी. झालेली आणि संध्याकाळच्या वर्गांना जाऊन जर्मन शिकलेली मुलगी बसू शकते. भाषा पदवीबाहेर शिकता येते, अर्थशास्त्र पदवीनंतर शिकता येते. प्रयोगशाळेतली तीन वर्षे मात्र नंतर भरून काढणे फार अवघड जाते. बावीस-तेविसाव्या वर्षी बी.ए. होऊन माझ्याकडे आलेल्या आणि "आता थोडे केमिस्ट्री करून घेते" म्हणणाऱ्या किमान सहा-सात मुली मी पाहिल्या आहेत. त्यांतल्या एकीलाच ते जमले.

आता या कामाचे स्वरूप थोडे जवळून दाखवते, कारण "परकीय भाषेतील करिअर" म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे दुभाषी किंवा टूर गाइड येतो. पेटंटाच्या कागदपत्रांत शोधाचे वर्णन असते, प्रयोगांची उदाहरणे असतात, तक्ते असतात आणि शेवटी 'दावे' असतात. संरक्षण मिळते ते दाव्यांत लिहिलेल्या गोष्टीलाच. वर्णनात कितीही लिहिले आणि दाव्यात ते उतरले नाही तर त्यावर हक्क सांगता येत नाही. मी या व्यवसायात नवखी असताना लाकूड चिकटवण्याच्या एका द्रव्याचे जपानी पेटंट माझ्याकडे आले. दाव्यात लिहिले होते की हार्डनरचे, म्हणजे ते द्रव्य कडक करणाऱ्या घटकाचे, प्रमाण वजनाने ५ टक्के 'इका' असावे. मी इंग्रजीत '५ टक्क्यांहून कमी' असे लिहून मोकळी झाले. वाक्य सफाईदार झाले होते. पण जपानीत 'इका' म्हणजे तेवढे किंवा त्याहून कमी. आकडा वगळायचा असेल तेव्हा 'मिमान' म्हणतात. चूक पकडली ती आमच्या वरिष्ठांनी, ज्यांचे जपानी माझ्यापेक्षा बरेच कच्चे होते. ते रसायनशास्त्राचे एम.एस्सी. होते आणि त्यांनी दाव्याआधी तक्ता वाचला होता. तक्त्यातल्या तिसऱ्या नमुन्यात हार्डनर बरोबर ५ टक्के होता. माझे वाक्य तसेच राहिले असते तर संशोधकाचा स्वतःचा यशस्वी नमुनाच त्याच्या दाव्याबाहेर गेला असता आणि एखाद्या प्रतिस्पर्ध्याने मोजून पाच टक्के हार्डनर घालून तेच द्रव्य बाजारात आणले असते तर त्याला अडवणे कठीण झाले असते. त्यांनी तांबड्या शाईने आकड्याभोवती एक गोल काढून कागद परत केला, बोलले काही नाहीत. मी बी.एस्सी. असूनही भाषेच्या नादात तक्ता वाचला नव्हता. तेव्हापासून मी कुठलेही पेटंट तक्त्यापासून वाचायला घेते.

जर्मनचे सापळे निराळे असतात. दशांशासाठी जर्मनमध्ये स्वल्पविराम वापरतात आणि हजार दाखवण्यासाठी टिंब, त्यामुळे आपल्या नजरेला दीड वाटणारी संख्या दीड हजार असू शकते. जर्मन 'बिलिओन' हा इंग्रजी बिलियन नव्हे. ती हजारपट मोठी संख्या आहे, आपल्या हिशेबात एक लाख कोटी. इंग्रजी बिलियनला, म्हणजे शंभर कोटींना, जर्मनमध्ये 'मिलियार्डं' म्हणतात. आणि दाव्यात 'अमुक घटकांचा समावेश असलेले' असे म्हटले आहे की 'अमुक घटकांचेच बनलेले', यावर सगळा डोलारा उभा असतो : पहिल्यात आणखी एखादा घटक घातला तरी ती वस्तू दाव्यात येते, दुसऱ्यात येत नाही. दोन्हींसाठी वेगवेगळे शब्द जर्मनमध्ये आहेत, पण घाईत वाचणाऱ्याला ते सारखेच वाटतात.

येथे एक गोष्ट मुद्दाम नोंदवते, कारण मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना परभाषेची उगाच धास्ती असते. जपानी वाक्याची ठेवण मराठीच्या फार जवळची आहे. क्रियापद शेवटी येते, विभक्तिप्रत्ययांसारखे प्रत्यय नामामागे लागतात आणि 'काल बाजारातून आणलेली, अर्धवट पिकलेली केळी' अशी विशेषणांची लांबलचक गाडी नामाच्या आधी उभी राहते. जपानी दाव्याचे एकच वाक्य कधीकधी दीड पान चालते आणि ज्या नामाविषयी ते आहे ते अगदी शेवटी येते. मराठीत विचार करणाऱ्याला त्यात गुदमरायला होत नाही, खरी उलथापालथ त्याचे इंग्रजी करतानाच होते. आणखी एक गंमत. मीठ आणि क्षार यांसाठी जपानीत चिन्ह एकच आहे, पण स्वयंपाकघरात त्याचा उच्चार 'शिओ' होतो आणि रसायनशास्त्रात 'एन'. इंग्रजीत दोन्हींना सॉल्टच म्हणतात. औषधाच्या पेटंटात 'एन' आले की मराठी माणसाच्या डोक्यात आपोआप क्षार येतो, मीठ येत नाही. शाळेत मराठीतून शिकलेले विज्ञान असे अनपेक्षित ठिकाणी उपयोगी पडते.

अर्थशास्त्र यात कुठे बसते, असा प्रश्न त्या मुलीनेच विचारला, आणि तो योग्य होता. पेटंट हा मुळात आर्थिक करार आहे : शोध जगाला उघड करून सांगायचा आणि त्या बदल्यात अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांची मक्तेदारी घ्यायची. त्या मक्तेदारीसाठी प्रत्येक देशात वेगळा अर्ज, वेगळे शुल्क, बहुतेक ठिकाणी वेगळे भाषांतर लागते आणि दरवर्षी नूतनीकरणाचे पैसे भरावे लागतात. भारतात हे शुल्क तिसऱ्या वर्षापासून सुरू होऊन टप्प्याटप्प्याने वाढत जाते. आंतरराष्ट्रीय पेटंट सहकार्य करारात भारत डिसेंबर १९९८ मध्ये सामील झाला. त्या करारान्वये आलेल्या अर्जाला मूळ पहिल्या अर्जाच्या तारखेपासून ३१ महिन्यांच्या आत भारतात प्रवेश करावा लागतो. म्हणजे ओसाकातल्या किंवा स्टुटगार्टमधल्या कंपनीकडे अडीच वर्षांहून थोडा अधिक अवधी असतो आणि तेवढ्यात तिला ठरवायचे असते की भारताची बाजारपेठ या खर्चाच्या योग्यतेची आहे का. बरेच जण शेवटच्या महिन्यापर्यंत थांबतात. आम्हा अनुवादकांच्या जागरणांचे मूळ या अर्थशास्त्रात आहे! कुठल्या देशात अर्ज करायचा, कुठले पेटंट जिवंत ठेवायचे, कुठले सोडून द्यायचे, कुणाला परवाना देऊन किती रॉयल्टी मागायची, हे प्रश्न ज्याला समजतात तो केवळ अनुवादक राहत नाही, त्याला सल्ल्यासाठी बैठकीत बोलावतात.

याचे सर्वांत ठळक उदाहरण मुंबईतच घडले. मूत्रपिंडाच्या आणि यकृताच्या कर्करोगावरील 'सोराफेनिब' या औषधाचे भारतातील पेटंट बायर या जर्मन कंपनीकडे होते आणि महिन्याच्या औषधाची किंमत सुमारे २ लाख ८० हजार रुपये होती. हैदराबादच्या नॅटको कंपनीने सक्तीच्या परवान्यासाठी, म्हणजे पेटंटधारकाची संमती नसतानाही ते औषध बनवण्याच्या सरकारी परवानगीसाठी, अर्ज केला आणि ९ मार्च २०१२ रोजी पेटंट नियंत्रकांनी कायद्याच्या कलम ८४ खाली तो मंजूर केला. भारतातला तो पहिलाच सक्तीचा परवाना. नॅटकोने महिन्याचे औषध नऊ हजार रुपयांच्या आत विकावे आणि बायरला विक्रीवर ६ टक्के रॉयल्टी द्यावी, असे ठरले. अपिलात रॉयल्टी ७ टक्के झाली. त्या निकालपत्रात रसायनशास्त्र अगदी थोडे आहे. किती रुग्णांना औषध लागते, त्यांपैकी कितींना मिळते, 'वाजवी किंमत' कशाला म्हणावे आणि माल नुसता आयात केला तर त्याला पेटंटाचा 'देशात वापर' म्हणता येईल का, यावर पानेच्या पाने आहेत. ज्याला मागणी, किंमत आणि मक्तेदारी यांचा संबंध ठाऊक नाही त्याला ते निकालपत्र नुसते रुक्ष वाटेल. मी त्या मुलीला तेच वाचायला दिले आहे. जर्मनचे पुस्तक नाही.

भाषा आणि विज्ञान एकत्र आल्यावर देशाच्या तिजोरीला काय लाभ होतो, याचे दुसरे उदाहरण आपल्या हळदीचे आहे. जखमेवर हळद लावण्याच्या उपयोगावर १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट मिळाले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालकपद सांभाळून तेव्हा नुकतेच सीएसआयआरचे, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे, महासंचालक झालेले डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या काळात त्या परिषदेने या पेटंटाला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. आपल्या आजीला जे ठाऊक होते ते अमेरिकन कार्यालयापुढे सांगून चालणार नव्हते. छापील, तारीख असलेला पुरावा हवा होता आणि तो परीक्षकाला वाचता येईल अशा भाषेत हवा होता. संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथांतले उतारे शोधून, अनुवादून सादर करावे लागले. त्याच अनुभवातून २००१ साली पारंपरिक ज्ञानाच्या डिजिटल ग्रंथालयाचे काम सुरू झाले. आयुर्वेद, युनानी, सिद्ध या पद्धतींमधले औषधी योग, म्हणजे औषधांची मिश्रणे, तिथे इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश आणि जपानी अशा पाच भाषांत मांडलेले आहेत, जेणेकरून म्युनिकमधल्या किंवा टोकियोमधल्या परीक्षकाला अर्ज तपासतानाच ते दिसावेत. ग्रंथातले 'निशा' म्हणजे रात्र नसून हळद आहे, हे वैद्याला कळते. ती वनस्पतिशास्त्रीय नावाने कशी लिहायची, हे विज्ञानाच्या माणसाला कळते. आणि ती जर्मन परीक्षकाच्या वर्गीकरणात कुठे ठेवायची, हे पेटंटाच्या माणसाला कळते. हे तिन्ही एकट्याला कळणारे लोक आजही शोधून काढावे लागतात.

पेटंटांपलीकडेही अशा जागा आहेत, पण त्यांवर मी फार लिहीत नाही, कारण त्या मी बाहेरूनच पाहिल्या आहेत. एकाचा उल्लेख मात्र करायला हवा, कारण तो नाशिक-सांगलीच्या वाचकांच्या जिव्हाळ्याचा आहे. २०१० च्या हंगामात युरोपात गेलेली आपली द्राक्षे क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या, बागायतदार ज्याला 'सीसीसी' म्हणतात त्याच्या, अवशेषांमुळे नाकारली गेली आणि बागायतदारांचे व निर्यातदारांचे मोठे नुकसान झाले. शेंडावाढ रोखण्यासाठी वापरले जाणारे हे रसायन. ज्या रसायनासाठी युरोपीय संघाने वेगळी मर्यादा ठरवलेली नसते त्याला सरसकट किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम ही मर्यादा लागू होते, आणि जर्मनीतल्या मोठ्या किराणा साखळ्या कायद्याच्या मर्यादेहूनही कडक अटी आपल्या पुरवठादारांना घालतात. अवशेष मोजणे हे रसायनशास्त्र. कायद्याने मागितलेले नसताना ग्राहक कडक अट का घालतो आणि तिचा खर्च शेवटी कुणाच्या पदरात पडतो, हे अर्थशास्त्र. आणि जर्मन खरेदीदाराने पाठवलेला खुलासा निर्यातदाराच्या टेबलावर पडून असतो तो भाषेच्या कारणाने. पुण्याजवळच्या मांजरी गावातील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातली संदर्भ प्रयोगशाळा आपले काम चोख करते. तिचा अहवाल घेऊन हॅम्बुर्गच्या खरेदीदाराशी त्याच्या भाषेत भांडणारा माणूस किती निर्यातदारांकडे असतो, हा प्रश्न कुणी नाशिककराने एकदा विचारावा.

यंत्राने भाषांतर होत असताना हे सगळे कशाला शिकायचे, हा प्रश्न अपेक्षित आहे आणि तो टाळणे अप्रामाणिक होईल. साध्या तांत्रिक पत्रव्यवहाराचे, यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचे काम आमच्या हातून बऱ्याच प्रमाणात गेले आहे आणि ते परत येणार नाही. पेटंटांचेही कच्चे भाषांतर आता यंत्र करते आणि आम्ही ते तपासतो. त्याचा दर जुन्या दरापेक्षा कमी असतो. जी मुले केवळ भाषा शिकून या व्यवसायात आली होती त्यांच्यावर याची सर्वांत आधी कुऱ्हाड पडली. यंत्राचे वाक्य फार गुळगुळीत असते, हीच अडचण आहे. माझ्यासारख्या नवशिकीने केलेली चूक निदान वाक्याच्या अडखळण्यातून दिसायची. यंत्राची चूक दिसत नाही. ती शोधायला तक्ता वाचता यावा लागतो, या तापमानाला हा द्रावक उकळून जाईल हे लक्षात यावे लागते, आणि या एका शब्दावर कोणाचे किती पैसे अवलंबून आहेत याची कल्पना असावी लागते. त्यामुळे गेल्या काही वर्षांत भाषेचे मोल घटले आणि त्यामागच्या विज्ञानाचे वाढले, असे माझे मत झाले आहे. भाषा नको, असा त्याचा अर्थ नाही. मूळ मजकूर वाचता येत नसेल तर यंत्राचे वाक्य कशाशी ताडून पाहणार?

म्हणून भाषा शिकायची तर पुरती शिकावी. पुण्यात जर्मन आणि जपानीची परंपरा मोठी आहे. मॅक्स म्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारातला विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे, टिळक महाराष्ट्र विद्यापीठातले जपानीचे वर्ग आहेत. तरीही अर्ध्यावर सोडणाऱ्यांचे प्रमाण पाहून वाईट वाटते. अकरावी-बारावीला जर्मन घेतले जाते ते गुण भरघोस मिळतात म्हणून, आणि बारावीचा शेवटचा पेपर देऊन बाहेर आल्यावर वही रद्दीत जाते. जपानीच्या परीक्षांच्या पाच पातळ्या आहेत, एन-५ सर्वांत सोपी आणि एन-१ सर्वांत कठीण. एन-४ पर्यंत जाऊन थांबलेल्या माणसाला टोकियोत रस्ता विचारता येईल, पेटंट वाचता येणार नाही. व्यवसायासाठी किमान एन-२ हवी, जर्मनची बी-२ ही वरची मध्यम पातळी हवी, आणि तिथे पोहोचायला नोकरी किंवा पदवी सांभाळून चार-पाच वर्षे लागतात. सहा महिन्यांत भाषा आणि लगेच परदेशी नोकरी, अशा जाहिराती बसथांब्यांवर लागलेल्या मी रोज पाहते. त्यांना भुलून पैसे घालवलेली दोन मुले आमच्याच इमारतीत आहेत. आणखी एक : एकाच वेळी दोन भाषा सुरू करू नयेत. मी दुसरी भाषा पहिलीनंतर सात वर्षांनी घेतली.

अर्थशास्त्राबाबत माझा सल्ला कदाचित आपल्या पुरवणीतल्या तज्ज्ञांना पटणार नाही. पदवीच्या तीन-चार वर्षांत त्याची वेगळी पदविका घेण्याची घाई करू नये. राज्य मंडळाची अकरावी-बारावीची अर्थशास्त्राची पुस्तके आधी स्वतः वाचून काढावीत. मागणी, पुरवठा, मक्तेदारी, व्यवहारतोल या संकल्पना त्यांत मराठीत नीट समजावल्या आहेत आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्याला त्या महिन्याभरात कळतात. नव्या शैक्षणिक धोरणानुसार मुख्य विषयासोबत दुय्यम विषय घेण्याची सोय झाली आहे; रसायनशास्त्राला अर्थशास्त्राची जोड तिथे मिळाली तर उत्तमच. प्रत्यक्षात काय होते ते माझ्या भाचीच्या बाबतीत पाहिले. तिच्या महाविद्यालयात नियमाने जोड मिळत होती, पण दोन्हींचे तास एकाच वेळी लावलेले होते आणि "वेळापत्रकात बसत नाही" एवढेच उत्तर कार्यालयाने तिला दिले. शेवटी तिने बी.एस्सी. पुरे करून अर्थशास्त्रात एम.ए. करायचे ठरवले, आणि अनेक विद्यापीठे कोणत्याही शाखेच्या पदवीधराला तो प्रवेश देतात. गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० पासून आपल्या शहरात आहे, पण विज्ञान शाखेच्या मुलांना ती आपल्यासाठीही असू शकते हे कुणी सांगत नाही.

दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगितल्या नाहीत तर हे पत्र जाहिरातीसारखे होईल. हे क्षेत्र लहान आहे. इथे हजारो जागा नाहीत, आणि प्रत्येक हुशार मुलीने इकडे वळावे असे माझे म्हणणे नाही. पेटंट एजंटाची परीक्षा दरवर्षी होईलच असे नसते, त्यामुळे तिच्या भरवशावर नोकरी सोडून बसू नये. पेटंट कार्यालयातील परीक्षकाची सरकारी नोकरी चांगली आहे, तिचे प्रशिक्षण नागपूरच्या राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्थेत होते, पण रसायनशास्त्रातल्या उमेदवाराला त्यासाठी पदव्युत्तर पदवी लागते, केवळ बी.एस्सी. चालत नाही. आणि सुरुवातीची तीन-चार वर्षे या व्यवसायात पैसा बेताचाच असतो. संगणक क्षेत्रात गेलेल्या वर्गमैत्रिणींचे पगार ऐकून मला त्या काळात अनेकदा पस्तावल्यासारखे झाले होते.

माझी आपल्याला एकच विनंती आहे. पुढील वर्षीच्या पुरवणीत तीन वेगवेगळ्या पानांखेरीज एक चौकट अशी द्यावी की जीत प्रत्येक व्यवसायासाठी कायद्याने कोणती पदवी लागते, ती कोणत्या टप्प्यावर लागते आणि कोणती गोष्ट नंतरही शिकता येते, एवढेच छापलेले असेल. ही माहिती अधिसूचनांमध्ये असते, पण सतरा वर्षांच्या मुलीने ती तिथून शोधून काढावी ही अपेक्षा जरा जास्तच आहे. त्या मुलीने आता बी.एस्सी.ला रसायनशास्त्र घ्यायचे नक्की केले आहे आणि जर्मनची वही रद्दीतून परत आणली आहे. वडील मात्र अजून त्या एकाच कोर्सचा पत्ता विचारतात.

आपली विश्वासू,
एक तांत्रिक अनुवादक
कोथरूड, पुणे